सॅकमध्ये न गळणारा कॉफीचा मग: आधी झाकण बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. दोन वर्षांत दोन मग घेतले, दोन्हींच्या खोक्यावर ‘लीक-प्रूफ’ लिहिलेलं होतं आणि दोन्ही सॅकमध्ये गळले. बटणाच्या मगाने स्लीपिंग बॅग भिजवली, सरकत्या झाकणाच्या मगाने कॅमेऱ्याची पिशवी. पहाटे चारला दूध घातलेली कॉफी भरून तुम्ही निघता आणि ती आठ-नऊच्या सुमारास वर पोचल्यावर पिता. आता तिसरा मग कोणत्या कंपनीचा घ्यावा, आणि जास्त पैसे टाकले तर हा त्रास संपेल का, असं तुम्ही विचारलंय.

मी गेली अठरा वर्षं डोंगरातल्या भटकंतीला गट घेऊन जातो. निघण्याच्या आदल्या दिवशी सगळ्यांचं सामान तपासायचं काम माझ्याकडे असतं, त्यामुळे हरतऱ्हेचे मग हाताखालून गेले आहेत. कंपनीचं नाव सांगून तुमचा प्रश्न सुटेल असं मला वाटत नाही. एकाच कंपनीचे चार मग चार वेगळ्या झाकणांचे असतात. त्यातले दोन सॅकमध्ये वर्षानुवर्षं गुण्यागोविंदाने राहतात आणि दोन पहिल्याच चढाला दगा देतात. तुम्ही दोन्ही वेळा मग निवडलात. निवडायचं असतं झाकण.

मगाच्या भिंतीची फार काळजी करू नका. ते तंत्र जुनं आणि मुरलेलं आहे. जेम्स ड्यूअर या स्कॉटिश शास्त्रज्ञाने १८९२ साली द्रवरूप वायू साठवायला दुहेरी भिंतीचं निर्वात भांडं बनवलं. १९०४ पासून जर्मनीत त्याचा थर्मास झाला, आणि १९१३ मध्ये विल्यम स्टॅनलीने काचेऐवजी पोलादाची बाटली आणली. आजच्या कुठल्याही बऱ्या मगाला १८/८ स्टेनलेस स्टीलच्या, म्हणजे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेलच्या, दोन भिंती असतात आणि मध्ये हवा काढून टाकलेली पोकळी. या दोन भिंती एकमेकींना भेटतात त्या फक्त तोंडापाशी. उष्णता मुख्यतः तोंडाच्या कडेतून आणि झाकणातून जाते. कॉफीला बाहेर पडायलाही तेवढाच रस्ता आहे. म्हणून गरम राहणं आणि न गळणं, दोन्हींचा निकाल झाकणावरच लागतो.

आता खोक्यावरच्या शब्दांकडे या. ‘स्प्लॅश-प्रूफ’ म्हणजे हातात धरून चालताना हिंदकळलं तर अंगावर उडणार नाही. ‘स्पिल-प्रूफ’ किंवा ‘स्पिल-रेझिस्टंट’ म्हणजे टेबलावर कलंडला तर उचलेपर्यंत थोडंच सांडेल. ‘लीक-प्रूफ’ म्हणजे उलटा ठेवला तरी थेंब येऊ नये. तिन्ही शब्द विक्रेते सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात. तुमचा दुसरा मग, ज्यावर पारदर्शक झाकण आहे आणि चुंबकाने सरकणारी पट्टी आहे, तो पहिल्या प्रकारातला. त्याच्या पट्टीखाली दाबून बसणारं रबर नसतं, ती नुसती भोकावर येऊन टेकते. खोक्यावर काहीही छापलेलं असो, तो सॅकमध्ये जायला जन्मलेलाच नाही. तो हातात धरायचा मग आहे आणि त्या कामाला फार छान आहे.

दुकानात झाकण हातात घेतलं की मी एकच गोष्ट करतो: कॉफी बाहेर पडू शकेल अशा वाटा मोजतो. सरळ आट्यांचं, भरीव, बिनभोकाचं झाकण असेल तर वाट एकच, मगाचं तोंड आणि झाकण यांच्यामधली, आणि ती एक जाड सिलिकॉनची रिंग अडवते. आता बटणाचं झाकण बघा. तोंडाची रिंग आहेच. शिवाय प्यायच्या भोकाला लागणारा छोटा बूच, हवा आत यायला ठेवलेलं बारीक छिद्र आणि बटणाचा दांडा जिथून आत जातो ती जागा. म्हणजे तीन-चार वाटा, प्रत्येकीला वेगळं रबर, आणि हे सगळं एका छोट्या स्प्रिंगच्या जोरावर बंद. नवीन असताना हे झाकण उत्तम चालतं. पण सॅकमध्ये मगाच्या आजूबाजूला कपडे, पातेली, तंबूचे खांब कोंबलेले असतात. सॅक जमिनीवर टाकली, त्यावर कुणी टेकून बसलं, की कशाचा तरी कोपरा बरोबर बटणावर येतो. तुमच्या पहिल्या मगाचं असंच झालं असण्याची दाट शक्यता आहे. बटणाला लॉक असेल तर धोका पुष्कळ कमी होतो, पण लॉक लावायचं लक्षात राहायला हवं, आणि पहाटे चारला ते राहत नाही, हा माझा अनुभव.

या दोघांच्या मधलं एक झाकण असतं: वर उघडणारी टोपी, तिच्या आत भोकावर घट्ट बसणारं रबर, आणि टोपी अडकवून ठेवणारी कडी. वाटा दोन, फार तर तीन. एका हाताने पिता येतं आणि सॅकमध्येही बऱ्यापैकी भरवशाचं राहतं. ज्यांना चालता चालता घोट घ्यायचा असतो त्यांना मी हे सुचवतो. तुमचं तसं नाही. तुम्ही चार-पाच तास मग उघडतच नाही आणि मग बसून निवांत पिता. तुमच्यासाठी भरीव, पूर्ण फिरवून लागणारं झाकणच योग्य. दीड-दोन वेढे फिरून मग घट्ट होणारं घ्या. अर्ध्या वेढ्यात ‘टक्’ करून बसणारी झाकणं घालायला सोपी असतात आणि निसटायलाही.

इथे एक गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण चांगलं झाकण असूनही लोकांचे मग गळतात ते हिच्यामुळे. गरम कॉफी ओतून लगेच झाकण लावलं की वर अडकलेली थंड हवा तापते, त्यात वाफ मिसळते आणि आतला दाब वाढतो. तेवढ्यात मग हलला, की दाब आणखी चढतो आणि कॉफी प्रत्येक सांधा तपासून बघते. त्यात तुम्ही उंची चढता. समुद्रसपाटीला हवेचा जो दाब असतो, तो ३,००० मीटरवर सुमारे ७० टक्केच उरतो. म्हणजे आतला दाब तोच, बाहेरचा कमी. पायथ्याशी कोरडा राहिलेला मग वर जाऊन ठिबकतो तो यामुळे. बटणाचं झाकण वर उघडताना फुर्रकन कॉफी उडते, तीही यामुळेच. उपाय साधा आहे. कॉफी ओता, झाकण नुसतं वर ठेवा, अर्धा-एक मिनिट वाफ जाऊ द्या आणि मग फिरवून लावा. वर पोचल्यावर उघडताना मग चेहऱ्यापासून लांब धरा, पाव वेढा फिरवून थांबा, ‘फुस्स’ झालं की पुढे उघडा.

आणि काठोकाठ भरू नका. हे मी प्रत्येक गटाला सांगतो आणि प्रत्येक गटात कुणीतरी भरतोच. झाकणाचा आतला भाग दोन-तीन सेंटिमीटर खाली उतरतो. तेवढी जागा नसली तर तो कॉफी वर ढकलतो आणि ती आट्यांमध्ये जाऊन बसते, म्हणजे रिंगच्या बाहेरच्या बाजूला. सॅक आडवी झाली की ते चमचाभर पाणी बाहेर येतं आणि आपण म्हणतो मग गळला. अशा वेळी मग आतून पूर्ण बंद असतो. झाकण जिथपर्यंत उतरतं त्याच्या बोटभर खालपर्यंतच भरा, आणि झाकण लावल्यावर बाहेरून एकदा कोरडं पुसा.

आता रिंग. माझा स्वतःचा एक मग, तीन वर्षं एक थेंब न गळलेला, एका मुक्कामाच्या सकाळी सॅकमध्ये पूर्ण रिकामा झाला. जादा मोजे, टोपी, नकाशा, सगळं कॉफीत. झाकण उघडून पाहिलं तर खाच रिकामी होती. रिंग नव्हतीच. घरी आलो तेव्हा ती मोरीच्या जाळीवर सापडली. दोन दिवसांपूर्वी धुताना निघून पडली होती, आणि झाकण रिंगशिवायही अगदी नेहमीसारखं फिरून बसलं होतं. हाताला काही फरक जाणवला नव्हता. तेव्हापासून झाकण लावण्याआधी खाचेवरून बोट फिरवायची सवय लावून घेतली आहे. रिंग आहे का, पूर्ण बसली आहे का, पिळली तर नाही ना, आणि सुलटी आहे का, हे बोटाला कळतं. काही रिंगांना एका बाजूला पातळ ओठ असतो. तो मगाच्या आतल्या बाजूला, कॉफीकडे यायला हवा. उलटी बसवली तर दाब वाढला की ती मिटण्याऐवजी उघडते. नवीन मग आणल्यावर पहिल्यांदा रिंग काढण्याआधी फोनवर तिचा फोटो काढून ठेवा.

रिंग काढून धुवायलाच लागते. दूध घालून कॉफी पिणाऱ्यांनी तर दर वेळी. एखाद्या जुन्या मगाची रिंग नखाने उचलून बघा: खाचेत तपकिरी, चिकट रेघ असते, वर दुधाचा पांढरट थर वाळलेला असतो आणि आंबूस वास येतो. हा थर आरोग्याला वाईट आहेच, शिवाय तो रिंग एका बाजूने उचलून धरतो आणि तिथूनच मग पाझरायला लागतो. म्हणून माझी दुसरी अट अशी, की झाकणाचे सगळे भाग हाताने सुटे करता आले पाहिजेत आणि पुन्हा जोडता आले पाहिजेत. ज्या झाकणात पाणी शिरतं पण बोट किंवा ब्रश शिरत नाही, ते घेऊ नका, कितीही देखणं असलं तरी.

तुमच्या ‘कोणती कंपनी’ या प्रश्नाचं उत्तर मी इथे देतो: जिची सुटी रिंग आणि सुटं झाकण मिळतं ती. सिलिकॉन वापराने दबतं, सैल पडतं, कॉफीचं तेल आणि वास धरून ठेवतं. स्टीलचा भाग दहा वर्षं टिकेल, रिंगकडून तशी अपेक्षा ठेवू नका. नियमित वापर असेल तर मी वर्षाकाठी बदलतो. मग घेतानाच एक जादा रिंग घ्या आणि प्रथमोपचाराच्या डबीत टाका. आणि हो, झाकण जीव खाऊन आवळू नका. जास्त आवळल्याने मग जास्त बंद होत नाही, रिंग मात्र लवकर चपटी होते.

दुधाबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे, कारण तुम्ही त्याविषयी विचारलं नाहीत आणि मला काळजी त्याचीच जास्त वाटते. दुधाचे पदार्थ साधारण ६० अंश सेल्सिअसच्या वर गरम किंवा ५ अंशांच्या खाली थंड ठेवायचे असतात. मधल्या तापमानात जिवाणू भराभर वाढतात. फ्रिजमधलं दूध घातलेली कॉफी ओततानाच ७५ अंशांच्या आसपास असते. छोट्या मगात, गार हवेत, चार-पाच तासांनी ती ६० च्या खाली उतरलेली असणार. एखाद्या दिवशी काही होणार नाही, पण पोट बिघडलेल्या माणसाला डोंगरावरून खाली आणणं काय असतं ते मी पाहिलं आहे. माझा सल्ला: मगात काळी कॉफी न्या आणि दुधाची पावडर कोरड्या पुडीत वेगळी. वर गेल्यावर मिसळा. काळी कॉफी ९० अंशांच्या जवळपास भरता येते, त्यामुळे पावडर घातल्यावरही चांगली गरम लागते. रिंगेला दूध लागत नाही, हा वरचा फायदा. दूध घालूनच न्यायचं असेल तर ते कॉफीत घालण्याआधी उकळून घ्या आणि दोनेक तासांत संपवा.

किती वेळ गरम राहील याचे खोक्यावरचे आकडे जपून वाचा. ‘१२ तास गरम’ याचा अर्थ ज्याचा त्याचा. जपानी मगांवरचा आकडा मला आवडतो, कारण तिथे पद्धत ठरलेली आहे: २० अंशांच्या खोलीत, ९५ अंशांचं पाणी भरून, मग उभा ठेवून, सहा तासांनी किती अंश उरले ते सांगायचं. त्यातही पाणी पूर्ण भरलेलं, झाकण न उघडता. तुम्ही अर्धा मग भरलात, दोनदा उघडलात आणि बाहेर ५ अंश थंडी असली तर तो आकडा मिळणार नाही. मोठा मग लहानापेक्षा जास्त वेळ गरम राहतो, अरुंद तोंडाचा रुंद तोंडाच्या मगापेक्षा. पण मोठा मग अर्धा नेण्यापेक्षा लहान मग पूर्ण भरून नेणं बरं.

मग आधी तापवून घ्यायचं काम मात्र चुकवू नका. उकळतं पाणी भरून, झाकण लावून पाच मिनिटं ठेवा, ओतून द्या, लगेच कॉफी भरा. याचा हिशेब मी एकदा कागदावर मांडला होता. ३५० मिली कॉफी ९० अंशांवर आहे आणि आतली भिंत दीडशे ग्रॅम स्टीलची, २० अंशांवर. दोघांचं तापमान एक होईपर्यंत कॉफी तीन-साडेतीन अंश गमावते, तीही पहिल्या मिनिटात. गार झाकणाने खाल्लेली उष्णता वेगळीच. एवढे अंश टिकवायला दुसरा कुठलाही उपाय इतका सोपा नाही.

याची दुसरी बाजूही आहे. चांगल्या मगात कॉफी तोंड भाजेल इतकी गरम राहते. ६५ अंशांच्या वरची अति गरम पेयं नियमित पिणं अन्ननलिकेच्या कर्करोगाच्या दृष्टीने धोक्याचं असू शकतं, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये नोंदवलं आहे. आणि बंद मगाच्या छोट्या भोकातून पिताना किती गरम आहे ते ओठाला लागेपर्यंत कळत नाही. म्हणून मला झाकणाचाच कप होणारे छोटे थर्मास आवडतात. त्यात ओता, दोन मिनिटं थांबा, वास घ्या, प्या.

बाकीच्या गोष्टी पटकन. एका माणसाला ३५० मिली पुरे, दोघांना ५००. हलके मग दोनशे-सव्वादोनशे ग्रॅमचे मिळतात, जाड भिंतीचे याच्या दुप्पट. पायी चालायचं असेल तर हलका, गाडीतून किंवा बोटीवर जायचं असेल तर जाड, कारण तो आपटलेला सोसतो. सायकलच्या बाटलीच्या कडीत बसवायचा असेल तर व्यास ७३-७४ मिलिमीटरच्या आसपास हवा. बर्फात जाणार असाल तर बटण आणि स्प्रिंग टाळा, आत राहिलेला एक थेंब गोठला की बटण अडतं. आतून स्टीलची चव लागते अशी तक्रार असेल तर सिरॅमिकचा लेप असलेले मग बघा, मात्र त्यात धातूचा चमचा फिरवू नका. डाग काढायला खायचा सोडा चालतो, पण सोड्याचं पाणी भरून झाकण लावून ठेवायचं नाही, आत वायू साठतो. क्लोरीनचं ब्लीच स्टीलला खड्डे पाडतं, ते लांबच ठेवा.

नवा मग आणला की त्याला थेट सॅकमध्ये घालू नका. गार पाण्याची परीक्षा पुरेशी नाही, कारण दाब गरम पाण्यानेच येतो. गरम पाणी भरा, झाकण लावा, मोरीवर धरून दहा-बारा वेळा जोरात हलवा. मग कोरड्या टिश्यूत गुंडाळून अर्धा तास उलटा आणि अर्धा तास आडवा ठेवा. झाकणाला बटण किंवा टोपी असेल तर तिच्यावर अंगठ्याने सगळीकडून दाब देऊन बघा. त्याच वेळी मगाच्या बाहेरून हात फिरवा. तोंडाजवळ थोडं कोमट लागणं साहजिक आहे, पण अंग किंवा बूड गरम लागलं तर पोकळीत हवा शिरली आहे, मग परत करा. जुना मग पडून पोचा आला असेल तरी हीच परीक्षा घ्या.

तुमच्या बाबतीत मी काय घेतलं असतं? ३५० किंवा ५०० मिलीचा, अरुंद तोंडाचा, भरीव आट्यांच्या झाकणाचा आणि वर कप असलेला. सॅकच्या बाजूच्या खिशात, उभा. स्लीपिंग बॅग आणि कॅमेरा तरीही वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत, कारण रिंग एक दिवस जाणारच आहे. जास्त पैसे टाकायचेच असतील तर ते हलक्या वजनासाठी आणि सुट्या भागांसाठी टाका. त्यापलीकडे रंग आणि नावच विकत घेता.

घरातला बटणाचा मग टाकून मात्र देऊ नका. आधी त्याची मोठी रिंग आणि बुचाचं छोटं रबर काढून बघा. सैल किंवा चपटी झाली असली तर बदला, नुसतीच घाणेरडी असली तर कोमट साबणाच्या पाण्यात तासभर भिजवून धुवा. मग वरची गरम पाण्याची परीक्षा घ्या. पास झाला तर तंबूत उशाशी ठेवायला आणि गाडीत न्यायला तो अजून बरीच वर्षं चालेल.